फुकट दिली तरी नको असलेली नाणी

नाण्यांवरचे लेख नेहमी दुर्मीळ नाण्यांबद्दल असतात. अमुक नाणं जगात मोजकीच, तमुक नाणं लिलावात इतक्या लाखांना गेलं, वगैरे वगैरे. वाचायला मजा येते, पण लेख संपला की आपल्या खिशात तीच चिल्लर. म्हणून या अंकासाठी मी उलट्या बाजूने लिहायचं ठरवलं. हा लेख संग्राहकांना नको असलेल्या नाण्यांबद्दल आहे. ज्यांच्याकडे बघून संग्राहक "छान आहे हो, जपून ठेवा" असं म्हणतो आणि चहाचा कप उचलतो, त्या नाण्यांबद्दल. "जपून ठेवा" हा आमच्या जमातीतला सभ्य नकार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हे लिहायचा थोडा अधिकार मला आहे, कारण मी नवागामचा. मुंबईत शिकायला आलेला असलो तरी घर तिथलंच. आपल्या मंडळातल्या अनेकांनी हे नाव ऐकलं नसेल. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांच्या शेजारी आमचं नवागाम. दुकानांच्या पाट्या गुजराती, गल्लीतलं बोलणं अहिराणी आणि दिवाळी आली की अर्धी गल्ली ताप्ती लाइनच्या गाडीत बसून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे रवाना. कुणी साडीच्या मार्केटात घडी घालतं, कुणी सांचा खात्यात रात्रपाळी करतं. गावाकडचं जुनं घर विकताना किंवा आजीची पेटी उघडताना जे काही निघतं, ते सुरतेला येतं. आणि मी सातवीपासून नाणी जमवतो ही बातमी पसरलेली असल्याने, सुरतेला आलेलं सगळं शेवटी माझ्यासमोर येतं. सुट्टीत घरी गेलो की कुणी ना कुणी रुमालाची गाठ सोडत बसतं आणि विचारतं, "कितला भेटतीन रे भाऊ?"

उत्तर बहुतेक वेळा "काही नाही" हेच असतं. पण नुसतं "काही नाही" म्हटलं की समोरच्याला वाटतं, हा पोरगा एक तर अडाणी आहे, नाही तर लबाड आहे. स्वस्तात लाटायला बघतोय. म्हणून कारण सांगावं लागतं. तेच इथे सविस्तर सांगतो.

आधी किंमत ठरते कशी ते बघू

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे जुनं तेवढं महाग. तसं असतं तर नदीतला गोटा सगळ्यांत महाग असता. नाण्याची किंमत ठरते तीन गोष्टींवर. ते आज किती शिल्लक आहे, कोणत्या अवस्थेत आहे, आणि ते हवं असणारी माणसं किती आहेत. वय या यादीत थेट येतच नाही.

एक उदाहरण आपल्याच भागातलं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी किती? तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. हरवलेल्या शत्रूची नाणी वितळवायचे कष्टही त्याने घेतले नाहीत, त्याच्याच डोक्यावर आपली मोहोर उठवली! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पण पश्चिम क्षत्रपांची चांदीची नाणी गुजरात-महाराष्ट्रात इतकी सापडली आहेत की त्यातली साधी नाणी आजही विद्यार्थ्याला परवडतात. आणि उलट, सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया? शंभर वर्षांचाही झालेला नाही, पण इतका दुर्मीळ की अस्सल नाणं बघायला मिळालं तरी संग्राहक घरी जाऊन सांगतो. तेवढ्याच खोटेपणाने बनवलेले १९३९ मात्र बाजारात भरपूर.

दुसरं उदाहरण थेट सुरतेचं. मुघल काळात सुरतेची टांकसाळ नावाजलेली होती. १८०० साली सुरतेचा कारभार कंपनीच्या हातात गेला, पण रुपया "सुरती"च राहिला. शाह आलम दुसरा याचं नाव आणि त्याच्या राज्यारोहणाचं ४६ वं वर्ष असा ठरलेला छाप घेऊन कंपनी रुपये पाडत राहिली. बादशहा १८०६ साली वारला. रुपयावर मात्र त्याचं ४६ वं वर्ष १८३५ पर्यंत चालूच होतं! तेव्हा आमच्याकडचं कुणी "हे बघ, सुरतेचं बादशाही नाणं" असं म्हणत आलं, तर नाणं खरं असू शकतं, पण ते एकटं नसतं. त्याला असंख्य भावंडं असतात.

आता यादी. क्रम माझा, म्हणजे माझ्या समोर ठेवलेल्या रुमालांतून निघालेला.

पहिलं: १८१८चं देवाचं नाणं

नकोशा नाण्यांचा हा सम्राट. जाडजूड, तांब्यासारखं किंवा पितळेसारखं, एका बाजूला रामदरबार, हनुमान, नाही तर ॐ आणि कमळ. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, "हाफ ॲना" किंवा "वन ॲना" आणि साल १८१८. काहींवर "यूकेएल" अशी तीन अक्षरं असतात, त्यांचा अर्थ जो तो आपापल्या मगदुराप्रमाणे लावतो.

कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. हे देवस्थानांबाहेर आणि जत्रेत विकायला बनवलेले बिल्ले आहेत, तेही बरेच अलीकडचे. कंपनीने सगळ्या मुलुखासाठी एकसारखी नाणी काढली ती १८३५ च्या कायद्यानंतर. त्याआधी मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या पैशावर तराजू आणि त्याखाली "अदल" म्हणजे न्याय हा शब्द दिसतो. हनुमान दिसत नाही. कंपनीला देवांचं वावडं होतं असंही नाही. मद्रासकडे तिने पागोड्यांवर विष्णू ठेवला होता, कारण तिथल्या व्यापाऱ्यांना तसं नाणं ओळखीचं होतं. म्हणजे देव होते, पण तिकडच्या नाण्यावर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे. मारुतीराय अर्ध्या आण्यावर कधी बसले नाहीत.

मजा म्हणजे साल नेमकं १८१८. मराठी माणसाला १८१८ म्हटलं की पेशवाईचा शेवट आठवतो. म्हणजे पेशवाई बुडवायची आणि त्याच वर्षी हनुमानाची नाणी वाटायची, असा कंपनीचा दुहेरी कार्यक्रम असावा!

या बिल्ल्याला देव्हाऱ्यात जागा आहे, अल्बममध्ये नाही. मी लोकांना तेच सांगतो, आणि ते त्यांना पटतंही. देवाला किंमत विचारायची नसते, एवढं आमच्या गल्लीत सगळ्यांना मान्य आहे.

दुसरं: चिंचेने घासलेलं

हे नाणं बिचारं खरं असतं. एखादा तांब्याचा पाव आणा, शंभर-सव्वाशे वर्षांचा, छान तपकिरी रंग चढलेला. पण मला दाखवायचं म्हणून आदल्या रात्री घरच्यांनी त्याला चिंच, मीठ, राख आणि जुना ब्रश अशी पूर्ण आंघोळ घातलेली असते. समोर येतं ते नव्या नवरीसारखं लालबुंद.

संग्राहकाला तो जुना रंगच हवा असतो. हवेशी आणि हाताळणीशी वर्षानुवर्षं संबंध येऊन धातूवर जो पातळ थर बसतो, तो नाण्याचं संरक्षणही करतो आणि ते खरं असल्याची साक्षही देतो. घासल्यावर तो थर जातोच, शिवाय अक्षरांच्या कडा, केसांच्या रेषा, सगळं बोथट होतं. भिंगाखाली बघितलं तर नाण्यावर बारीक ओरखडे दिसतात, जणू मांजर चालून गेलंय. मग चांगल्या अवस्थेत ज्याला मागणी असती, ते नाणं वजनावर येतं. तांब्याची घागर आणि तांब्याचं नाणं यांत एवढाच फरक लक्षात ठेवा: घागर घासायची असते.

तिसरं: कडी लावलेला राणीछाप

खानदेशातल्या जुन्या पेट्यांमध्ये राणीछाप रुपया हमखास असतो, आणि त्यातल्या बऱ्याच रुपयांना वर कडी डाखलेली असते. कारण तो गळ्यात घातलेला असतो. सोन्याची पुतळ्यांची माळ ज्यांना परवडली नाही, त्यांनी चांदीचे रुपये गळ्यात घातले. बँक गळ्यातच. दुष्काळात एक रुपया काढायचा, सुगीत दोन ओवायचे.

संग्राहक म्हणतो, डाग लागला, अवस्था गेली. त्यात बहुतेक वेळा साल असतं १८६२. मालकाला वाटतं, एवढं जुनं! पण त्या १८६२ ची गंमत अशी की सालाचा आकडा पुढची बारा वर्षं बदललाच नाही. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही १८६२ च आहे. त्यामुळे राणीछापांत सगळ्यात मुबलक कोण, तर हाच.

तरीही हा रुपया "काही नाही" या वर्गातला नाही. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. म्हणजे एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. कमीत कमी तेवढी किंमत सोनाराकडे येणारच. मात्र १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. त्यामुळे "इंग्रजांच्या काळातला म्हणजे चांदीचा" हे सोनारासमोर म्हणू नये, तो हसतो.

इथे एक प्रश्न मला नेहमी पडतो. गौतमीपुत्राने मारलेला छाप हाही नाण्याला केलेला घावच. त्याने किंमत वाढते, आणि एखाद्या बाईने आयुष्यभर गळ्यात वागवलेल्या रुपयाच्या कडीने ती उतरते. पहिला इतिहास, दुसरी खराबी. बाजाराचा हिशोब मला समजतो, पण पटतोच असं नाही.

चौथं: गेंडा, कमळ आणि बाकीची चिल्लर

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान पद्धत आली. रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर नवे पैसे आले. "नवा" हा शब्द १९६४ मध्ये गळाला. मग ॲल्युमिनियमची एक, दोन, तीन, पाच, दहा, वीस पैशांची नाणी. चौकोनी, षट्कोनी, नागमोडी कडेची. तीन पैशांचं नाणं हातात घेतलं की ते आहे की नाही हे बघायला मूठ उघडावी लागते, इतकं हलकं.

ही नाणी घराघरांत डब्याने आहेत, आणि "डब्याने आहेत" हेच त्यांच्या नकोसेपणाचं कारण. गेंड्याचं चित्र असलेलं पंचवीस पैशांचं स्टीलचं नाणं लाखाला जातं असं मला आत्तापर्यंत किमान वीस जणांनी सांगितलंय. ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरी ते प्रत्येकी पाच-सहा आहेत. हिशोब करा, नवागामची आमची एकच गल्ली कोट्यधीश व्हायला हवी.

वीस पैशांचं पिवळं, कमळाचं नाणं (१९६८ ते १९७१) वेगळ्या कारणाने जपलं गेलं. माझ्या आजीची खात्री होती की त्यात सोनं आहे. ते तांब्याच्या मिश्रधातूचं आहे हे मी तिला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याच हातून ते काढून घेतलं.

कायद्याची बाजूही जाता जाता सांगतो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पन्नास पैसे अजून चलनात आहेत, दुकानदार काहीही म्हणो. पण २०११ च्या नाणे कायद्यानुसार पन्नास पैशांच्या नाण्यांनी एका वेळी दहा रुपयांपर्यंतचंच देणं भागवता येतं, आणि रुपया व त्यावरच्या नाण्यांनी हजार रुपयांपर्यंतचं. तेव्हा कुणावर राग काढायला गोणीभर अधेल्या नेऊन ओतायचा बेत असेल, तर तो रद्द करा.

दहा रुपयांच्या नाण्याचं दुःख तर वेगळंच. ते संग्राहकालाही नको आणि भाजीवाल्यालाही नको. दहा रेषांचं खरं की पंधरा रेषांचं, यावर रिक्षात वाद झालेले मी ऐकलेत. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं की तोवर निघालेल्या चौदाही प्रकारांची नाणी चालतात. तरी वाद चालू आहे, कारण वादाला पैसे पडत नाहीत.

पाचवं: वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं

२०१२ साली श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या निमित्ताने पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. ती रोजच्या व्यवहारात आली, भरपूर आली. त्यांची किंमत अनुक्रमे पाच आणि दहा रुपये. मोबाईलवरच्या व्हिडिओत त्यापुढे पाच शून्यं लागतात. शून्य लावायला टांकसाळ लागत नाही.

सहावं: दोन्ही बाजूंना छापा

"शोले" १९७५ साली आला आणि जयच्या नाण्याने पिढ्यान्‌पिढ्यांना नादी लावलं. दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं घेऊन कुणी आलं की मी ते कानाजवळ नेऊन लाकडी पाटावर आपटतो. आपण "खणखणीत नाणं" उगाच म्हणत नाही. अखंड धातू घुमतो. दोन नाणी कापून, आतून कोरून एकमेकांत बसवलेली असली तर आवाज बसका येतो, आणि कडेला भिंग लावलं तर सांधा दिसतो. असली कारागिरी लेथ मशीनवर होते, आणि लेथ मशीनची उधन्यात काही कमतरता नाही. वस्तू म्हणून ती छान आहे, जादूच्या प्रयोगाला उपयोगी आहे. नाणं म्हणून मात्र एका खोट्यासाठी दोन खरी मारली गेलेली असतात.

सातवं: लुटीतला होन

आता नाजूक विषय. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली, हे सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला रोज कुणी ना कुणी आठवण करून देतं. कधी अभिमानाने, कधी चिमट्याने. त्यामुळे आमच्याकडे "घोड्यावरच्या थैलीतून पडलेला" सोन्याचा होन दर दोन-तीन वर्षांनी सापडतो. तो पितळेचा असतो, अगदी गोल असतो आणि त्यावरची अक्षरं छापखान्यातल्यासारखी सरळ असतात. शिवाय राज्याभिषेक १६७४ चा. छत्रपती अशी अक्षरं असलेला होन त्याच्या आधीच्या लुटीत पडेल कसा, हे विचारलं की थोडा वेळ शांतता पसरते.

अस्सल शिवकालीन होन अगदी मोजके आहेत. गड-किल्ल्यांवर आठवण म्हणून विकायच्या प्रतिकृती मात्र ढिगाने बनतात. प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात काहीच गैर नाही. अडचण होते ती एका पिढीनंतर, आजोबांच्या पेटीतून ती निघते तेव्हा.

याउलट तांब्याची शिवराई बघा. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति". ती पेशवाईच्या अखेरीपर्यंत पाडली जात होती, त्यामुळे साधी शिवराई स्वस्त आहे, झिजलेली तर फारच स्वस्त. बडे संग्राहक तिच्याकडे बघत नाहीत. पण वाङ्मय मंडळाच्या सभासदांनी जरूर बघावं, कारण शुद्धलेखनाचा असा आनंदीआनंद दुसरीकडे मिळणार नाही. शिव, शीव, सिव, सीव, पति, पती, कुठे वेलांटी उलटी, कुठे अक्षरच कडेबाहेर गेलेलं. हाताने छाप कोरणाऱ्या कारागिरांनी ऐकलं तसं, जमलं तसं कोरलं. आमच्यासारख्यांची उत्तरपत्रिका तपासणाऱ्या सरांना एक शिवराई भेट द्यावी असं माझ्या फार मनात आहे.

आठवं: दिवाळीचं चांदीचं

लक्ष्मी-गणेशाचं, सराफाच्या डबीतलं. हे नाणंच नाही, पदक आहे. कोणत्याही सरकारने ते काढलेलं नाही, त्याला चलनाची किंमत नाही. चांदीच्या भावाने सराफ घेईल, संग्राहक घेणार नाही. एवढंच.

नकोशी नाणी हवी कुणाला असतात?

इथवर हसण्यावारी झालं. पण हा लेख लिहायला बसलो त्यामागे एक वेगळं कारण आहे.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एक मावशी साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणून करतात. त्यांच्या मुलाने मोबाईलवर व्हिडिओ बघितला, त्याखालच्या नंबरवर वैष्णोदेवीच्या नाण्याचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन. अकरा लाख देतो म्हणाले. आधी नोंदणीचे पंधराशे. ते भरल्यावर जीएसटीचे साडेतीन हजार. मग रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचं पत्र, शिक्क्यासकट, त्याचे सहा हजार. अकरा हजार गेले तेव्हा मावशी माझ्याकडे आल्या. पैसे परत कसे मिळतील हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "अजून चार हजार भरू का? मग सगळे एकदम येतील म्हणतात."

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, बँक त्यासाठी कधीच शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि तसं करायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. हे पत्रक इंग्रजी-हिंदीत वाचणाऱ्यांपर्यंत पोचलं असेल. घरात टिकल्या लावणाऱ्यापर्यंत पोचतो तो व्हिडिओ.

ही सगळी भामटेगिरी नेमकी वरच्या यादीतल्या नाण्यांवर चालते, हे लक्षात घ्या. १८१८चा हनुमान, गेंडा, वैष्णोदेवी. भामटा कधी १९३९ चा रुपया मागत नाही, कारण तो कुणाकडेच नसतो. त्याला घरोघरी असलेलं नाणं हवं असतं. ज्याच्या डब्यात ते सापडेल, तो त्याचं गिऱ्हाईक. संग्राहकाला जे नाणं मुबलक म्हणून नको, ते मुबलक म्हणूनच भामट्याला हवं. आणि खऱ्या व्यवहारात पैसे विकत घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे जातात. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, असा व्यवहार कुठल्याच बाजारात नाही. मावशींना हे एवढंच सांगितलं. त्या भाजी विकून मोठ्या झालेल्या, त्यांना ते लगेच कळलं. आम्ही १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर फोन केला. अकरा हजार अजून आलेले नाहीत. चार हजार मात्र वाचले.

डुकराचा रुपया आणि आपण

नकोसेपणा कायमचा नसतो, याचंही एक उदाहरण द्यायला हवं. १९११ साली पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया आला. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक इवलासा हत्ती कोरलेला होता. सोंड आखूड, पाय बुटके. लोकांना तो डुक्कर दिसला. बोंबाबोंब झाली, रुपया मागे घेतला गेला, १९१२ पासून हत्तीची सोंड नीट दिसेल अशी केली. मागे घेतलेले बहुतेक रुपये वितळले, म्हणून उरलेल्यांना आज संग्राहक मागणी करतात. लोकांनी नाकारलं, म्हणूनच ते हवंसं झालं.

याचा अर्थ गेंड्याची नाणी साठवत बसा असा नाही. ती कुणी वितळवत नाहीये. पण सुट्टीत घरी गेलात तर एक काम करा. पेटीतली, देव्हाऱ्यातली नाणी काढा. घासू नका. प्रत्येकासोबत कागदाची चिठ्ठी ठेवा: कुणाचं, कुठून आलं, कधी मिळालं. कडी लावलेल्या रुपयाची बाजारात किंमत कमी होते, पण तो कोणत्या पणजीच्या गळ्यात होता हे लिहून ठेवलं तर तुमच्या घरापुरता तो १९३९ च्या रुपयापेक्षा दुर्मीळ आहे. मुंबईत असाल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय बघा. खरं नाणं डोळ्यांत बसलं की खोटं आपोआप खुपतं. आणि शेजारी कुणी व्हिडिओ बघून रुमाल सोडत असेल, तर त्याला न हसता कारण समजावून सांगा.

"याचं काही येणार नाही, मावशी" हे वाक्य ऐकायला कडू आहे. पण ते सांगायचे कुणी पैसे घेत नाही. "याचे अकरा लाख येतील" असं सांगणारा मात्र आधी पंधराशे मागतो.